तळ न लागणारं पाणी



चातुर्मासात पालेभाजीशिवाय रोजचं ताट कसं भरायचं, यावर लिहीन असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी. गेले काही महिने माझ्या डोक्यात एक इंग्रजी शब्द घोळतो आहे आणि तो लिहून काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. शब्द आहे ‘ॲबिस’.

हा शब्द आमच्या घरात कसा आला ते आधी सांगते. माघातली सकाळ होती. पाणी गाळून भरून झालं होतं, दूध गॅसवर होतं. सहज फोन हातात घेतला तर धाकटीचं स्टेटस दिसलं. काळी पाटी आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत हा एकच शब्द. खाली तीन टिंबं. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. बँकेचा फॉर्म भरण्यापुरतं इंग्रजी येतं, पण हा शब्द कधी वाचला नव्हता. ह्यांना विचारलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘गाण्याबिण्याचं असेल काहीतरी.’ सासऱ्यांचा जुना शब्दकोश फडताळात आहे, तो काढला. त्यात अर्थ दिले होते : अथांग खोली, गर्ता, रसातळ, नरक. दूध उतू गेलं ते वासावरून कळलं.

धाकटी पुण्याला राहून सी.ए. करते. अंतिम परीक्षेचा निकाल लागून आठच दिवस झाले होते. दुसऱ्यांदा राहिली होती. निकालाच्या दिवशी फोनवर मी तिला काय म्हटलं ते आज लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, ‘कर्माचा उदय आहे, समतेनं सहन कर. आणि बघ, अमक्यांची मुलगी पहिल्या झटक्यात झाली.’ एका वाक्यात धर्म आणि दुसऱ्या वाक्यात टोमणा. ती ‘हो आई’ म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस ‘जेवले’, ‘बरी आहे’, ‘क्लासला आहे’ एवढंच. आणि मग तो शब्द.

आमच्या स्वाध्याय मंडळात एक बाई आहेत, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी त्यांच्याकडे गेले. मुलीचं काही सांगितलं नाही, फक्त शब्द विचारला. बाईंना शब्दांचं फार वेड. त्या दिवशी त्यांनी तासभर सांगितलं, आणि नंतरही मी पाच-सहा वेळा जात राहिले. आधी मुलीच्या काळजीनं जात होते, नंतर त्या शब्दात मीच गुंतले.

बाई म्हणाल्या, शब्द मूळचा ग्रीक. ‘अबुस्सोस’. त्यातला ‘अ’ म्हणजे आपल्याकडचाच ‘अ’, नकाराचा. आणि ‘बुस्सोस’ म्हणजे तळ. तळ नाही असा तो अबुस्सोस. मी म्हटलं, ‘म्हणजे आपलं अतल की हो!’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘अतल तर आहेच, अगाध घ्या, अथांग घ्या. सगळे एकाच साच्याचे.’ संस्कृतात गाध म्हणजे जिथं पाय टेकतो, चालत पार होता येतं असं उथळ पाणी. जिथं पाय टेकत नाही ते अगाध. थांग म्हणजे तळाचा ठाव. तो लागत नाही ते अथांग. पाण्याचा थांग लागत नाही तसा माणसाच्या मनाचाही लागत नाही, असं आपण रोज बोलतो.

घरी येताना मी याच शब्दांचा विचार करत होते. अगाध, अथांग या शब्दांत पाण्याबद्दल जेवढं सांगितलं आहे, तेवढंच पाण्यात उतरणाऱ्याबद्दलही सांगितलं आहे. पाय टेकला नाही. ठाव लागला नाही. खाली काहीच नाही, असं त्यात कुठं म्हटलं आहे?

मग मला माहेरची विहीर आठवली. वारणाकाठच्या आमच्या गावात वाड्याच्या मागं दगडी विहीर होती. आज्जी पाणी शेंदायची, दुपदरी कापडातून गाळायची, आणि मग आम्हा पोरींना सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं काम करायची. गाळण्यावर राहिलेले जीव गाळलेल्या पाण्यानं धुवून, ती जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी विहीर होती त्यांना आठवत असेल. जिवाणी वरून ओतायची नाही. त्यासाठी वेगळा पोहरा असायचा, बुडाला कडी असलेला. तो हळूहळू पाण्यापर्यंत सोडायचा, पाण्याला टेकला की कडीची बारीक दोरी ओढायची, मग तो अलगद पालथा व्हायचा. वैशाखात पाणी फार खाली जायचं आणि दोर पुरायचा नाही. मी म्हणायचे, ‘आज्जी, ओत की वरूनच, कोण बघतंय?’ ती म्हणायची, ‘अगं, एवढ्या उंचीवरून पडल्यावर जगतील का ते?’ आणि दोराला दुसरा दोर जोडायची.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग तुम्हाला हेरोडोटसची गोष्ट सांगायलाच हवी.’

हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. तो इजिप्त बघायला गेला होता. नाईल नदी उगवते कुठून, हे तो भेटेल त्याला विचारायचा. साइस गावच्या देवळातल्या एका कारकुनानं त्याला सांगितलं, की दोन डोंगरांच्या मधे नाईलचे झरे आहेत आणि त्यांना तळ नाही. इथं हेरोडोटसनं हाच शब्द वापरला आहे, अबुस्सोस. कारकून पुढं म्हणाला, की साम्मेतिखोस नावाच्या राजानं याची परीक्षाही केली होती. हजारो वाव लांबीचा दोर वळून घेतला आणि त्या झऱ्यात सोडला, तरी तळ लागला नाही.

कारकुनानं यावरून तळच नाही असं ठरवलं. हेरोडोटसला ते पटलं नाही. त्यानं लिहून ठेवलं आहे, की ही गोष्ट खरी असलीच तर तिचा अर्थ वेगळा. डोंगरावर आपटून तिथलं पाणी जोरात उसळत, भोवरे घेत असणार, आणि ते सोडलेल्या दोराला तळापर्यंत जाऊ देत नसणार.

मैत्रिणींनो, अडीच हजार वर्षांपूर्वी एका परक्या माणसानं हे लिहिलं, आणि मला ते माझ्या घरातलं वाटलं. तळ आहे, पण पाणी घुमतं आहे, म्हणून दोर पोचत नाही.

पुढं हा शब्द धर्मग्रंथांत गेला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यू पंडितांनी आपले हिब्रू ग्रंथ ग्रीक भाषेत आणायला सुरुवात केली. त्यांच्या सृष्टीच्या कथेत सुरुवातीला सगळीकडे खोल, काळोखं पाणी आहे. हिब्रूत त्याला ‘तेहोम’ म्हणतात. त्यासाठी त्यांनी हाच ग्रीक शब्द घेतला. तोवर झऱ्यांचं किंवा समुद्राचं विशेषण असलेला शब्द सृष्टीच्या आधीच्या पाण्याचं नाव झाला. स्तोत्रांच्या त्यांच्या पुस्तकातही तो येतो. बेचाळिसावं स्तोत्र दुःखात बुडालेल्या माणसाचं आहे, त्यात खोल पाणी एकमेकांना हाका मारतं अशी कल्पना आहे. नंतर ख्रिस्ती ग्रंथांत तो दुष्ट शक्तींना कोंडण्याची जागा झाला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तर या जागेला किल्ली आहे आणि तिथं हजार वर्षांसाठी कोंडून ठेवण्याची गोष्ट आहे. सासऱ्यांच्या शब्दकोशात नरक हा अर्थ दिला होता तो इथून आलेला.

ग्रीकमधून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत. इंग्रजीत आधी त्याची फ्रेंच वळणाची रूपं होती. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकात ‘ॲबिझम’ असं रूप आहे, ते भूतकाळाच्या अंधाऱ्या खोलीसाठी. १६६७ साली आलेल्या मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. आणि आताच्या मुलामुलींच्या फोनवर तो फिरतो तो बहुतेक नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञामुळं. १८८६ साली निघालेल्या त्याच्या एका पुस्तकात, खोल अंधाराकडे फार वेळ बघत राहण्यातल्या धोक्याबद्दल एक छोटा इशारा आहे. माझ्या मुलीनं तो वाचला असेल की नुसता कुठंतरी फिरताना पाहिला असेल, कोण जाणे. पण शब्द तिनं सहज उचललेला नव्हता, हे आता मला कळलं.

या शब्दाची एक गंमतही बाईंनी सांगितली. त्याच्यापासून झालेला ‘ॲबिझ्मल’ हा शब्द आता इंग्रजीत ‘अगदीच टाकाऊ’ अशा अर्थानं वापरतात. क्रिकेटचा संघ वाईट खेळला, हॉटेलातलं जेवण बेचव निघालं, की ॲबिझ्मल. मी म्हटलं, ‘आपण नाही का, काही येत नसलेल्याला म्हणतो, काय तुझं अगाध ज्ञान!’ दोघी खूप हसलो. त्या महिन्यात मी तेवढीच एकदा हसले असेन. पण घरी आल्यावर मनात आलं, आपल्याकडे अगाध हा शब्द बहुतेक वेळा आदरानंच येतो. अगाध महिमा, अगाध करुणा. ज्याचा ठाव लागत नाही त्याला आपण हात जोडतो. ॲबिस म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. शब्दांचा साचा एक आणि चव अगदी वेगळी.

आणखी एक अर्थ ऐका, कारण तो तुम्ही देवळात पाहिला आहे. फ्रेंच लोक सरदारांच्या ढालीवरच्या चिन्हांत, ढालीच्या बरोबर मध्यभागी काढलेल्या लहान ढालीसाठी हाच शब्द वापरायचे, त्यांच्या उच्चारानं ‘आबीम’. त्यावरून आंद्रे जीद या लेखकानं १८९३ साली चित्रातल्या चित्राला, गोष्टीतल्या गोष्टीला या शब्दाची उपमा दिली. आपल्या काचेच्या मंदिरात समोरासमोर आरसे असतात. मधे उभं राहिलं की एक दिवा हजार दिवे होतो, ओळ लांब लांब जाते आणि शेवट दिसत नाही. लहानपणी धाकटी माझा पदर धरून विचारायची, ‘आई, आत किती खोल आहे?’ खोल काहीच नसतं. काच बोटाएवढीही जाड नसते. दोन आरसे एकमेकांकडे बघत बसतात, म्हणून ते दिसतं. रात्री दोन वाजता अंथरुणात पडून आपली काळजी आपल्याच काळजीकडे बघत बसते, तेव्हा याहून वेगळं काय होतं?

आता समुद्राची गोष्ट, कारण आज हा शब्द शास्त्रात खऱ्या पाण्यासाठी वापरला जातो.

एडवर्ड फोर्ब्स नावाचे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ होते. १८४१-४२ च्या सुमारास त्यांनी ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात जाळं टाकून तळाचे प्राणी गोळा केले. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी मिळत गेले. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला, की तीनशे फॅदमच्या, म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरच्या खाली समुद्रात जीवच नसावेत. पुष्कळ विद्वानांना ते पटलं. इतका काळोख, इतकी थंडी, पाण्याचा इतका दाब, तिथं कोण जगणार?

पुढं १८७२ च्या डिसेंबरात ‘चॅलेंजर’ नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं आणि साडेतीन वर्षं जगभरचे समुद्र धुंडाळत फिरलं. त्यांचं मुख्य हत्यार काय होतं? दोर. वजन बांधलेला लांबच लांब दोर. तो सोडायचा, वजन टेकलं की मोजायचं, आणि गुंडाळत परत वर घ्यायचा. एकेका खोल जागी त्यात तासन्‌तास जायचे. २३ मार्च १८७५ रोजी पॅसिफिक महासागरात मारियाना बेटांच्या बाजूला त्यांचा दोर ४४७५ फॅदमपर्यंत, आठ किलोमीटरहून जास्त खाली गेला. आणि टेकला. फोर्ब्सनी जिथं जीव नाहीत असं मानलं होतं, त्याच्या कितीतरी खालून या जहाजानं जिवंत प्राणी वर आणले. हजारो नव्या जाती जगाला कळल्या.

आज समुद्रशास्त्रात साधारण चार ते सहा हजार मीटर खोलीच्या पाण्याला ‘ॲबिसल’ म्हणतात. नाव तळ नसलेलं, पण तिथं तळ आहे, मोजलेला आहे, आणि पृथ्वीच्या पाठीचा फार मोठा भाग या तळानंच व्यापला आहे. आपल्याकडेही ‘मत्स्य ६०००’ नावाची पाणबुडी तयार होते आहे, तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेण्यासाठी. सहा हजारांच्याही खालच्या खंदकांना ‘हेडल’ म्हणतात, ग्रीकांच्या पाताळावरून. म्हणजे तळ नसलेल्याच्याही खाली आणखी एक मजला. तिथंही माणूस जाऊन आला. १९६० च्या २३ जानेवारीला दोघे जण ‘त्रिएस्त’ नावाच्या पाणबुडीतून जवळपास अकरा किलोमीटर खाली, सगळ्यात खोल जागी उतरले आणि सुखरूप वर आले.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? त्या काळोखात ऊन कधीच पोचत नाही. मग तिथले बहुतेक जीव खातात काय? वरच्या पाण्यातून बारीक बारीक कण सतत खाली झिरपत असतात. शास्त्रज्ञ त्याला समुद्रातला बर्फ म्हणतात, कारण तो बर्फासारखा भुरभुर पडतो. तळाशी पोचायला त्याला कित्येक दिवस, आठवडे लागतात. वरून हळूहळू येणाऱ्या त्या कणांवर खालचं जग तगून आहे. हे ऐकताना मला सारखा आज्जीचा तो कडीचा पोहरा दिसत होता. आज्जीला समुद्र ठाऊक नव्हता. पण खाली कोणी ना कोणी आहे, आणि त्याच्यापर्यंत हळू पोचायचं, हे तिला ठाऊक होतं.

आता आपल्या शास्त्राकडे येते. नरक हा अर्थ शब्दकोशात वाचल्यापासून तो मला टोचत होता.

तत्त्वार्थसूत्राचा तिसरा अध्याय आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. सात भूमी, रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंत. लहानपणी त्यातली फक्त भीती लक्षात राहिली. या वेळी पुस्तक घेऊन परत वाचायला बसले तर दुसरंच काहीतरी दिसलं. या भूमी आहेत, खड्डे नव्हेत. एकीखाली एक, प्रत्येकीला आधार. आणि प्रत्येक ठिकाणच्या आयुष्याला मोजमाप दिलेलं आहे. पहिल्या नरकात जास्तीत जास्त एक सागरोपम, सातव्यात तेहेतीस. सागरोपम म्हणजे किती, याचा विचार करायला गेलं की डोकं गरगरतं. वर्षांत मोजताच येत नाही असा काळ. पण आपल्या आचार्यांनी दोन शब्द जपून वेगळे ठेवले आहेत, असंख्यात आणि अनंत. असंख्यात म्हणजे मोजता येत नाही, पण संपतं. अनंत म्हणजे संपतच नाही. नरकातलं आयुष्य असंख्यात वर्षांचं असेल, अनंत नाही. आणि आपल्याकडे अनंत कशाला म्हणतात? केवलींच्या ज्ञानाला, दर्शनाला, सुखाला, वीर्याला.

राजा श्रेणिकाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. महावीर स्वामींचा एवढा भक्त, पण आधी बांधलेल्या आयुष्यामुळं पहिल्या नरकात गेला. तोच जीव तिथून निघून येत्या चोविसीतला पहिला तीर्थंकर होणार. म्हणजे उद्याचा तीर्थंकर आज नरकात आहे, असं आपलं शास्त्र सांगतं. आणि आपण मात्र एका परीक्षेत राहिलेल्या पोरीकडे बघून सुस्कारा सोडतो.

मग आपल्याकडे तळ नसलेलं काही आहे का? आहे. आचार्य गुणभद्रांनी आत्मानुशासनात त्याला आशेचा खड्डा म्हटलं आहे. तो प्रत्येक प्राण्याजवळ असतो आणि एवढा मोठा, की त्यात सगळं विश्व टाकलं तरी कणभरच दिसेल. मग कोणाच्या वाट्याला किती येणार, असा त्यांचा प्रश्न.

हे मी मंडळात कितीदा ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. या वेळी वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. तो खड्डा कोणाचा होता? पोरीचा नव्हता. माझा होता. पहिली मुलगी इंजिनिअर झाली, मग धाकटी सी.ए. व्हायला हवी होती. गल्लीतली पहिली सी.ए. मुलगी. मंदिरात सत्कार, शाल-श्रीफळ. त्यानंतर चांगलं स्थळ. ते झालं असतं तर आणखी काही हवं झालं असतं. मी तो खड्डा भरत होते, आणि भरायला माझ्या लेकीला वापरत होते.

दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं पुण्याला गेले. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिला आवडतो तो सांजा. दार उघडल्यावर तिला पाहून मला काय वाटलं ते लिहीत नाही. केस विंचरलेले नव्हते, खोलीत दिवसा पडदे ओढलेले.

ती म्हणाली, ‘आई, तू काही विचारणार असशील तर आधीच सांगते, माझ्याकडे उत्तर नाही.’

मी म्हटलं, ‘नाही विचारत. जेवून घेऊया, दिवस मावळेल.’

दोघी जेवलो. ती दीड दशमी खाऊन उठली. मी भांडी घासली, पडदे तसेच राहू दिले. रात्री दिवा मालवल्यावर अंधारात ती आपणहून बोलायला लागली. म्हणाली, ‘खाली खाली जाते आहे असं वाटतं, आणि कुठं टेकतच नाही गं.’

घरून निघताना ठरवलं होतं, की तिला सगळं सांगीन, असंख्यात आणि अनंत, श्रेणिक, चॅलेंजर. त्या क्षणी यातलं काहीही सांगावंसं वाटलं नाही. ‘तळ असतो गं’ म्हणणं म्हणजे सुद्धा वरून जिवाणी ओतण्यासारखंच झालं असतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, ‘बरं. नाही टेकत ना? मी आहे इथं.’ ती खूप वेळ रडली. मग झोपली. कितीतरी दिवसांनी नीट झोपली असं सकाळी तिनंच सांगितलं.

मी पंधरा दिवस राहिले. तिच्या एका मैत्रिणीनं मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवलं होतं, पण एकटीनं जायला ती धजत नव्हती. आम्ही दोघी गेलो. ही गोष्ट घरात कळल्यावर जवळच्याच नात्यातून फोन आला, ‘बाहेर बोलू नका हं, स्थळं यायची आहेत.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वर्षभरापूर्वी दुसऱ्या कोणाच्या मुलीबद्दल मीही तेच सांगितलं असतं. पण मला साम्मेतिखोस राजाचा दोर आठवला. पाणी घुमत असलं की दोर खाली जात नाही. अशा वेळी भोवरा शांत व्हायला जे जे लागतं ते करायचं असतं. झोप लागते, वेळेवर जेवण लागतं, कधी औषध लागतं, कोणीतरी शेजारी बसावं लागतं. धर्माचं बोलणं त्यानंतर खाली पोचतं. आधी नाही.

ती आता बरी आहे का? पूर्वीपेक्षा पुष्कळ. काही दिवस चांगले जातात, काही नाही. परीक्षेचं तिचं ती ठरवेल. मी विचारत नाही, आणि न विचारणं हेच सध्या माझं सगळ्यात अवघड व्रत आहे. रोज सकाळी पाणी गाळून झालं की तिला एक लहानसा निरोप पाठवते. आज दारात कोणती फुलं आली, देवळात कोण भेटलं, आमटीत मीठ कसं जास्त पडलं. उत्तर येतं, कधी येत नाही. समुद्रातल्या त्या बर्फाला खाली पोचायला आठवडे लागतात, हे मी लक्षात ठेवलं आहे.

हे लिहिण्याआधी तिला विचारलं होतं. लिहून झाल्यावर तिनं वाचलं. एक परिच्छेद काढ म्हणाली, तो काढला. बाकीचं राहू दे म्हणाली, ‘कोणाच्या तरी आईला उपयोग होईल.’ मग मीच तिला विचारलं, ‘अगं, तो शब्द तू का निवडला होतास?’ ती म्हणाली, ‘मराठीत लिहिलं असतं तर तुला लगेच कळलं असतं ना.’

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कोणीतरी असा शब्द लिहीत असेल, तुम्हाला कळू नये अशा भाषेत. मुलगी असेल, सून असेल, नोकरी गेलेला मुलगा असेल, किंवा काही न लिहिता नुसती गप्प बसणारी सासू असेल. शब्द कळला नाही तर कोणाला तरी विचारा. आणि अर्थ कळल्यावर वरून काही ओतू नका. दोर कमी पडला तर दुसरा जोडा आणि हळू सोडा.

पुढच्या वेळी नक्की चातुर्मासाचं ताट.

जय जिनेंद्र.